वाजवून बघणारी

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते आठ बोल्ट आवळायचं. लाल गाडी होती, दोन दारांची, शर्यतीतली असते तसली, जमिनीला पोट लावून बसल्यासारखी. तिच्या इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जिथं जोडतात तिथले आठ बोल्ट. मी आवळले, बायकोनं, कौसानं, बॅटरीचा उजेड धरला. दिवस मावळायला आला होता. मी पाना खाली ठेवला आणि रोजच्यासारखा बाजूला सरकलो, कारण पुढची पाळी तिची. मी आवळलेला प्रत्येक बोल्ट कौसा लहान हातोडीनं वाजवून बघायची. आवाज पटला की त्याच्या डोक्यावर खडूचा ठिपका द्यायची. ठिपका नसला तर गाडी शेडबाहेर जात नसे.

ती म्हणाली, "आधी चहा आणा. डोकं दुखायलंय."

मी समोरच्या टपरीवरनं दोन कट चहा आणले. येऊन बघतो तर ती नळावर हात धूत होती. बोनेट खाली ओढलेलं.

"वाजवायचे नाय का?" मी विचारलं.

"राहू द्या आज. तुमी आवळल्यात ना."

मी ग्लास धरून उभाच राहिलो. तुम्हाला ह्यात काही वाटणार नाय. पण ह्या एका वाक्याची मी तीस-पस्तीस वर्षं वाट बघत होतो. घरी येताना स्कूटरवर मी शीळ घातली. मागं बसल्या बसल्या ती म्हणाली, "रस्त्याकडं बघा."

सकाळी ती उठली नाय.

ते पुढं सांगतो. आधी ती काय बाई होती ते सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेला. कौतुक करायला मला येत नाय, आणि तिला ते खपलंही नसतं. कुणी कौतुक केलं की ती म्हणायची, "ह्याला काय पायजे ते विचारा."

जालना रोडला, चिकलठाण्याच्या पुढं आमची पत्र्याची शेड. पाटीवर एकच ओळ आहे: तुटलेला बोल्ट काढून मिळेल. बोल्ट गंजतो, तापून धरून बसतो, आणि घाईत कुणी जोर लावला की डोकं हातात येतं आणि धड इंजिनात राहतं. मग ते धड काढायला पानाही लागत नाय आणि पक्कडही. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी तोडायचे आणि आम्ही काढायचे, असा आमचा धंदा. पाटी माझ्या नावाची. पण गाडी घेऊन येणारा आधी आत डोकावून विचारायचा, "काकू हायेत का?"

बुटकी बाई. लुगड्यावर माझा जुना शर्ट, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, दात मिसरीनं काळे. करमाडची. शाळेचं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं. तिची वही म्हणजे पुठ्ठा. इंजिन खोलायच्या आधी ती पुठ्ठ्यावर खडूनं त्याचा आकार काढायची आणि जो बोल्ट जिथनं निघाला तो पुठ्ठ्यात तिथंच भोक पाडून खोचायची. कुणी एखादा बोल्ट सहज उचलून बघितला तर त्याचा हात धरायची. शेजारच्या गॅरेजचा सलीम, पन्नाशीला आलेला माणूस, तिला मुद्दाम छेडायचा.

"चाची, पुठ्ठे पे क्या लिखा है?"

"तुज्या बापाचं नाव. जाग्यावर ठिव तो बोल्ट."

संशयाशिवाय तिचं पाऊल पडत नसे. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून ते उभं धरायची आणि थेंब कसा ओघळतो ते बघायची. लग्नात जेवायला बसली तरी चपला दिसतील अशी जागा धरायची. एकदा फोन आला, बँकेतनं बोलतोय म्हणून. ही म्हणाली, "मग बँकेतच थांब, मी येते." आणि खरंच पदर खोचून निघाली. बँकेत जाऊन तिनं प्रत्येक टेबलाशी उभं राहून आवाज ऐकला. त्यातला कुणाचाच तो आवाज नव्हता. तेव्हा कुठं ती परत आली.

शेडमधली वस्तू घरी आणायची नाय आणि घरची शेडमध्ये न्यायची नाय, हाही तिचाच कायदा. हातोडी, खूण ठोकायचा टोकदार पंच आणि खडू ह्यांचा एक पत्र्याचा डबा होता. निघताना तिघं डब्यात. खडूचा तुकडा नखाएवढा उरला तरी डब्यातच. म्हणायची, "वस्तू जागा सोडते तवा कुनाचा तरी हात असतो."

सलीमनं एकदा विचारलं होतं, "चाची, अपने ऊपर बी शक करते क्या?"

"सगळ्यात आधी," ती म्हणाली.

पण तसं नव्हतं. सगळ्यात आधी ती माझ्यावर करायची. आणि त्याला कारण होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाय.

शेड नवीन होती. पोरगी पाळण्यात होती. खुलताबादचा एक टेम्पोवाला सीताफळं भरून आला. इंजिन तापतंय म्हणाला. पाण्याचा पंप खोलून मी नवा बसवला, आणि शेवटचा बोल्ट आवळताना कट्ट आवाज झाला. डोकं हातात. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवतोय. मला तेव्हा तुटका बोल्ट काढता येत नव्हता. मी काय केलं, ते डोकं चिकटवणीनं जागेवर चिकटवलं आणि वरनं काळं ग्रीस फासलं. बघणाऱ्याला आठच्या आठ बोल्ट दिसतील.

तेवढ्यात कौसा भाकरी घेऊन आली. मी हात धुतोय तोवर तिला काही काम नव्हतं, म्हणून ती पान्याच्या टोकानं त्या बोल्टांवर टकटक करत बसली. बाजारात माठ घेताना बायका बोटांनी वाजवतात ना, तशी. टण, टण, टण, आणि मग थप्प.

"ह्यो फुटका वाजतोय," ती म्हणाली.

"इंजिन हाय ते. माठ नाय."

"मग बाकीचे कामून नीट वाजत्यात?"

तिनं दोन बोटांनी तो बोल्ट फिरवला आणि डोकं तिच्या हातात आलं. ती ओरडली नाय. भाकरीच्या फडक्यावर ते डोकं ठेवलं आणि दारात जाऊन बसली. टेम्पोवाला आत आला तशी मला म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?"

मी सांगितलं. त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. दोन दिवस त्याचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला आणि सीताफळं फुटून मुंग्या लागल्या. बोल्ट कसा काढायचा ते मी त्या दोन दिवसांत शिकलो, आणि ती माझ्या डोक्यावर उभी राहून शिकली. ती एवढंच म्हणाली, "फळं नासली तर नासू द्या. घाटात पंप निसटला असता तर ह्यो मानूस नासला असता."

टेम्पो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीला काखेत मारून ती शेडवर आली. तेव्हापासून रोज.

आणि तेव्हापासून माझा प्रत्येक बोल्ट तिनं वाजवला. गिऱ्हाइकासमोर वाजवला, सलीमसमोर वाजवला, जावयासमोर वाजवला. मी तसलं काम पुन्हा कधी केलं नाय. देवाच्या तसबिरीवर हात ठेवून सांगितलं. एकदा रागानं म्हणालो, "आख्ख्या जन्मात एकदा चुकलो, अजून किती वर्षं वाजवशील?"

"मी कुटं म्हनते तुमी केलं? मी नुसतं वाजवते."

पुरुष माणसानं ऐकून घ्यायची ही गोष्ट नाय. पण मी ऐकून घेतली, कारण ते डोकं चिकटवलं होतं मीच.

जावयाचंही सांगतो. पोरीला बघायला पहिला मुलगा आला तो शिकलेला, चांगल्या नोकरीचा. चहा झाल्यावर कौसानं त्याच्यासमोर एक गंजलेला नट-बोल्ट आणि दोन पाने ठेवले. "मिस्त्रीच्या बोटाला लागलंय, जरा सोडवून देता का?" माझ्या बोटाला काही लागलेलं नव्हतं. पोरानं बाह्या सारल्या, दात-ओठ खाल्ले आणि एका झटक्यात बोल्ट तोडला. वर हसला. तिनं स्थळ नाकारलं. मी म्हणालो, तू वेडी झालीस. ती म्हणाली, "आडलं की तोडतो. पोरगी रोज आडनार."

दुसरा जालन्याचा. त्यानं बोल्ट आधी उलटसुलट बघितला, थोडं तेल मागितलं, आणि सोडवायच्या आधी तो अर्धा केस उलट आवळला. गंज अशानंच तुटतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. त्याला ते कुणी शिकवलं होतं कोण जाणे. कौसा माझ्याकडं बघून म्हणाली, "साखर वाटा." तरी लग्नात ती चपलांकडंच बघत बसली होती.

तर ती लाल गाडी. सिल्लोडचा एक कापसाच्या जिनिंगवाला शेट, चाळिशीच्या आतला, त्यानं ती जुनी विकत घेतली होती. सिल्लोडच्या रस्त्यावर ही गाडी चालवणारा माणूस एक तर येडा असतो नाय तर हौशी. हा दोन्ही होता. ट्रकवर टाकून ती आमच्याकडं आणली. पाइप बदलायला गेले तर दोन बोल्ट तुटले, म्हणाला. इंजिनाचं ते अंग ॲल्युमिनियमचं, मऊ. आतला बोल्ट पोलादाचा, कडक. ड्रिल जरा घसरलं की पोलाद सोडून ॲल्युमिनियम खातं, आणि मग बोल्ट राहतो बाजूला, इंजिनच भंगारात. असल्या गाडीचं इंजिन आमच्या हातनं गेलं असतं तर शेडच्या पाटीला कुणी विचारलं नसतं.

शेटही आमच्यावर भरवसा ठेवणारा नव्हता. प्रत्येक बोल्टचा मोबाइलवर फोटो काढला आणि खुर्ची मागून शेडमध्येच बसला. तो आमच्यावर नजर ठेवायचा, कौसा त्याच्यावर, आणि दोघं मिळून माझ्यावर.

"आमी हात लावायच्या आधी समदे वाजवनार," ती त्याला म्हणाली. "तुमच्या म्होरं. नंतर आमच्या नावावर नको."

शेट हसला. "वाजवा की, काकू. तबला हाय का?"

तिनं वाजवले. दोन तर तुटलेलेच होते. तिसरा नीट, चौथा नीट, पाचवा नीट. सहाव्याला थप्प. तो आवाज मला ओळखीचा होता.

"शेट, बोट लावा हितं."

शेटनं बोट लावलं. बोल्टचं डोकं हललं आणि त्याच्या तळहातावर आलं. खाली वाळलेली चिकटवण. आमच्याआधी कुणीतरी, कुठंतरी, तेच केलं होतं जे मी सीताफळाच्या टेम्पोला केलं होतं.

शेटचं तोंड उतरलं. आधी त्यानं आमच्याकडंच संशयानं बघितलं. कौसा म्हणाली, "नख लावून बघा. दगडावानी झालंय. लई जुनं हाय ते. काढा फोटू." त्यानं नख लावलं, फोटो काढला आणि खुर्चीत जाऊन बसला.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. चष्म्याच्या वरनं. मी खाली बघितलं. साठी कधीच ओलांडलेला माणूस मी, पण त्या घडीला मी परत त्या टेम्पोपाशी उभा होतो.

दोन बोल्टांची टोकं जराशी वर होती. त्यांच्यावर नट वेल्ड केला, लाल असतानाच मेणबत्ती टेकवली, मेण आट्यांत उतरलं, आणि पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं करत दीड दिवसात ते दोन्ही निघाले. सहावा आत खोल तुटलेला. त्याला बरोबर मधोमध पंच मारून भोक पाडायचं होतं. मधोमध म्हणजे मधोमध, केसभर इकडं तिकडं नाय. पंच कायम कौसा मारायची. माझ्या हातात तिनं तो कधी दिला नव्हता.

त्या दिवशी ती पंच लावून बराच वेळ बसली. मग माझ्या हातात दिला.

"तुमी मारा. माझा हात हलतोय."

"माझ्यावर सोडतीस?"

"हात हलतोय म्हनलं ना."

मी मारला. तिनं बॅटरी जवळ नेऊन बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं. "बरा बसला," म्हणाली. मला लई आनंद झाला. तिचा हात का हलतोय हे विचारायचं मात्र सुचलं नाय. आनंदात माणूस बावळट होतो. कौसा माझ्या जागी असती तर तिनं आधी तेच विचारलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो सहावा बाहेर आला. तिनं तो पुठ्ठ्यावर त्याच्या जागी खोचला. शेट उठून तिच्या पाया पडला, तर ही म्हणते, "उद्या दहाला या. आवळून, वाजवून देते." शेट गेला. संध्याकाळी नवे आठ बोल्ट मी आवळले. मग चहा. मग ते वाक्य. तुमी आवळल्यात ना.

सकाळी सहाला मी चहा ठेवला आणि हाक मारली. तीनदा मारली. हात लावला तेव्हा कळलं. डॉक्टर येऊन गेला, झोपेतच गेल्या म्हणाला. पोरगी-जावई जालन्याहून निघाले. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांनी मला बाहेर काढलं आणि तिला आंघोळ घालायला घेतलं. मी ओट्यावर बसलो होतो. माझ्या डोक्यात खरं सांगू का काय होतं? की ती गेली, पण जाताना माझ्यावर भरवसा ठेवून गेली. मी त्याच एका गोष्टीला धरून बसलो होतो.

शेजारची सुमन बाहेर आली. "काका, काकूंच्या पदराला गाठ होती. सोन्याचं काही असंल म्हणून बघितलं. हे निघालं."

तिच्या हातात खडूचा तुकडा होता.

मी तो घेतला. फिरवून बघितला. आख्ख्या जन्मात तिनं शेडमधला खडू घरी आणला नव्हता. वस्तू जागा सोडते तेव्हा कुणाचा तरी हात असतो. मी उठलो आणि चपला घातल्या.

सलीम गेटपाशी होता. "चाचा, अब्बी कहां?"

"येतो."

"चाचा, लोग आ रहे."

"येतो म्हणलं ना."

लोक बघत राहिले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाले असतील. म्हणू द्या. स्कूटर काढली आणि शेडवर गेलो.

शटर उचललं, बोनेट उघडलं. बोल्टांची डोकी वरनं स्वच्छ होती. एकही ठिपका नाय. मला बरं वाटलं. मग मला माझाच संशय आला की एवढ्यावर मला बरं कसं वाटतं. बॅटरी घेतली, इंजिनाला गाल लावला आणि खालनं बघितलं.

खालच्या अंगाला ठिपके होते. पांढरे, बारीक. मी उभा राहून कधी बघितले नसते अशा बाजूला. मी चहा आणायला गेलो तेवढ्यात तिनं वाजवले होते. हलणाऱ्या हातानं. मग मला येताना बघून हातोडी डब्यात टाकली, खडू पदराला बांधला, हात धुतले, आणि मला सांगितलं राहू द्या.

आधी राग आला. जन्मभर दुसऱ्याची लबाडी पकडणाऱ्या बाईनं शेवटच्या दिवशी मलाच फसवलं. मी तिथंच तिला एक शिवी दिली. मग ठिपके मोजले.

सात होते.

आठवा, पार आतल्या कोपऱ्यातला, कोरा. तेवढ्यात मी चहा घेऊन आलो असणार. म्हणजे रात्रभर तिला तो एक बोल्ट टोचत असणार, आणि तरी ती बोलली नाय. सकाळी माझ्याआधी येऊन वाजवायचा म्हणूनच खडू जवळ ठेवला असणार.

मी डब्यातनं हातोडी काढली आणि आठवा वाजवला. टण आला. परत वाजवला. टणच. पण मला टण येऊन काय उपयोग? पाना लावला, बोल्ट पुरा सोडवला, आटे फडक्यानं पुसले, परत पहिल्यापासून आवळला. मग वाजवला. डोळे मिटून ऐकला.

खडू घेतला. इंजिनाला परत गाल लावला आणि ठिपका खालच्या अंगाला दिला, तिच्या सातांच्या रांगेत. हातोडी, पंच, खडू, तिघं डब्यात. शटर ओढलं आणि घरी गेलो. लोक थांबले होते.